शोकाच्या घरी वचन नेताना

झुवारीकाठ

मी मूळची नगर जिल्ह्यातली. लग्न होऊन वास्कोजवळ आले त्याला आता २२ वर्षं झाली. आमच्याकडं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म आहे आणि मराठी पवित्र शास्त्र हे घरातलं पहिलं पुस्तक. लहानपणी आजी रोज रात्री शेजारी बसवून एक अध्याय मोठ्यानं वाचून घ्यायची. त्यामुळं बरीच वचनं पाठ आहेत, आणि पाठ असण्यातूनच हे सगळं झालं.

आमच्या वाड्यावर एक मावशी राहतात. इथल्याच, कॅथलिक. त्यांचा थोरला मुलगा तारवटी होता. (गोव्याबाहेरच्यांसाठी: जहाजावर नोकरी करणाऱ्याला इकडं तारवटी म्हणतात.) गेल्या पावसाळ्यात तो जहाजावरच गेला. वय ४१. मृतदेह घरी यायला १९ दिवस लागले. त्या १९ दिवसांत त्या घरात ना रडून मोकळं होता येत होतं, ना काही उरकता येत होतं. फोटोपुढं मेणबत्ती, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना), कुणीतरी आणून ठेवलेली पेज तशीच गार झालेली.

मी तिसऱ्या दिवशी गेले. काय बोलावं कळेना, तेव्हा मला नेहमी जे सुचतं तेच सुचलं. मावशींचा हात धरून म्हटलं, "देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात." नव्या करारातलं रोमकरांस पत्र, ८:२८, म्हणजे आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन. घरी आल्यावर तेच वचन फुलांच्या चित्रावर घालून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवलं.

त्यांनी हात सोडवून घेतला नव्हता. माझ्याकडं बघून एवढंच विचारलं होतं, "हें कोणें बरयलां?" म्हणजे, हे कुणी लिहिलं?

मी म्हटलं, पौलानं. ते पत्र पौल या प्रेषिताचं आहे.

"ताचो पूत गेल्लो?"

मला उत्तर देता आलं नाही. पौलाचा मुलगा गेला होता का, असं त्या विचारत होत्या. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

त्या रात्री मी आठवा अध्याय पहिल्यापासून वाचला. किती वर्षांनी सलग वाचला असेन! बाविसाव्या वचनात सगळी सृष्टी कण्हते आहे. तेविसाव्यात आपण स्वतः कण्हतो आहोत. सव्विसाव्यात तर म्हटलंय की काय प्रार्थना करावी हेच आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. एवढं कण्हणं झाल्यावर अठ्ठाविसावं वचन येतं. मी मधलं सगळं गाळून, शेवटचा घास तेवढा मावशींच्या तोंडात कोंबला.

आणि त्याच पत्रात पुढं, १२:१५ मध्ये, अशा घरी काय करायचं तेही लिहिलंय. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. मला तेही पाठ होतं.

म्हणून विचारते. तुमच्यातल्या ज्यांचा या पुस्तकाशी संबंध आहे, विश्वासानं म्हणा, अभ्यासानं म्हणा किंवा कुणीतरी ते तुमच्यावर चालवलं म्हणून म्हणा, तुम्ही वचन हातात घेताना काय बघता? समोरच्याला ते लागू नये म्हणून काय करता?

निवृत्त मास्तर

ताई, मी हिंदू, फोंडा तालुक्यातला. ३१ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी किती वर्गांना समजावली असेल! निवृत्तीनंतर एका ख्रिस्ती मित्राकडं मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचला तेव्हा येशूच्या तोंडी तेच कुसळ आणि तेच मुसळ सापडलं. फार जवळचं वाटलं. त्यात एक गोष्ट म्हणीपेक्षा जास्त आहे. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं तो म्हणतो. कुसळ काढायचंच आहे. फक्त डोळ्याला हात लावणाऱ्याला दिसत असलं पाहिजे.

तुमच्या प्रश्नाला माझा एक प्रश्न जोडतो. मनात कडवटपणा ठेवून विचारत नाही, पण विचारल्याशिवाय राहवतही नाही. तुम्ही राहता तिथून कुठ्ठाळी आणि केळशी किती लांब? आमचा मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून १६ व्या शतकात झुआरीपलीकडं, म्हणजे आमच्या अंत्रुजात (फोंड्याकडच्या भागात) आणावी लागली. रातोरात आणलेल्या देवांच्या गोष्टी मी आजीच्या तोंडून ऐकल्यात. १५६० साली इथं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्याची झळ हिंदूंना लागली आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना तर त्याहून जास्त लागली. हे करणारेही हेच पुस्तक वाचत होते. त्यांनी कोणतं वचन हातात घेतलं होतं?

त्याच काळातली दुसरी गोष्टही सांगतो, नाहीतर मी एकच बाजू मांडली असं होईल. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. जन्मानं इंग्रज. सासष्टीत राहून त्यांनी आपली भाषा इतकी आत्मसात केली की सुमारे ११,००० ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठी ही भाषांमधली रत्नकिळा, असं त्या परक्या माणसानं लिहून ठेवलंय. तोही त्याच काळाचा, त्याच व्यवस्थेतला माणूस, हे मी विसरत नाही. पण समोरच्याच्या ओवीत आपलं सांगणं बसवायचं, तर आधी वर्षानुवर्षं त्याचं ऐकावं लागतं. तुमच्या मावशींच्या घरी तेच राहून गेलं, असं मला वाटतं.

खाडीपल्याड

मास्तर, तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं माझ्याकडं लागतं. मी बार्देशचा कॅथलिक, शाळा मराठीतून झाली, रविवारी आमच्या इगर्जीत (चर्चमध्ये) मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवतो. जबरदस्तीसाठी शतकानुशतकं जे वचन पुढं केलं गेलं, ते लूकच्या १४ व्या अध्यायातलं २३ वं. लॅटिनमध्ये दोनच शब्द: कोम्पेल्ले इंत्रारे. त्यांना आत यायला भाग पाड.

मूळ गोष्ट मेजवानीची आहे. एका माणसानं मोठं जेवण ठेवलं. बोलावलेल्यांनी कारणं सांगितली, कुणी शेत घेतलं होतं, कुणी बैल, कुणाचं नुकतंच लग्न झालं होतं. मग तो चाकराला म्हणतो, गल्लीबोळांतले गरीब, व्यंग, आंधळे, लंगडे यांना आण. तरी जागा उरली तेव्हा म्हणतो, रस्त्यांवर आणि कुंपणांकडं जा आणि त्यांना आग्रहानं आत यायला लाव. आपल्या मराठीत शब्द 'आग्रह' आहे, आणि या जागी तो मला लॅटिनपेक्षा उजवा वाटतो. पानावर बसलेल्याला आपण आग्रह करतो. कुंपणाकडेला झोपणारा माणूस श्रीमंताच्या दारात पाऊल टाकायला लाजणारच, त्याला दोनदा-तीनदा 'या हो, या' म्हणावं लागतं. ग्रीक क्रियापद थोडं जोराचं आहे हे खरं. पण मत्तय १४:२२ मध्ये येशू शिष्यांना होडीत बसायला लावतो तिथंही तेच क्रियापद आहे. तिथं कुणी बेड्या घातल्या नव्हत्या.

मग या पंगतीचा तुरुंग कसा झाला? उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन बिशप होते. तिथं दोनातिस्त नावाचा फुटून निघालेला गट होता. आधी ऑगस्टीन म्हणत होते की बळजबरी नको, चर्चा करू. नंतर त्यांचं मत बदललं. ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात ते स्वतःच तसं कबूल करतात आणि लूकमधल्या याच वचनाचा आधार घेऊन राजसत्तेच्या दंडाचं समर्थन करतात. पुढच्या हजार-बाराशे वर्षांत ते समर्थन ज्याला हवं त्यानं वापरलं.

मला खरी टोचणी पुढच्या गोष्टीची आहे. याच ऑगस्टीननं दहा-बारा वर्षं आधी, ३९६ च्या सुमारास, शास्त्र कसं वाचावं यावर लिहायला घेतलं होतं. त्यात त्यांनी कसोटी घालून दिली: ज्याला वाटतं आपल्याला शास्त्र समजलं, पण त्या समजण्यातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती उभी राहत नाही, त्याला ते अजून समजलेलंच नाही. यापेक्षा चांगला नियम मी कुठं वाचला नाही. आणि नियम लिहिणाराच तिकडं जाऊन पोचला.

कसा पोचला? त्यांना ती बळजबरीही प्रीतीच वाटत होती. भ्रमात असलेल्या माणसाला बांधून ठेवणारा त्याचं भलंच करतो, असला दाखला त्यांनी दिलाय. म्हणजे 'मी प्रेमानं बोललो' हे बोलणाऱ्यानं स्वतःच्या मनात बघून ठरवायचं झालं, तर ऑगस्टीनसारखा माणूसही चुकतो. मग तुमचीआमची काय कथा? ऐकणाऱ्याकडं बघावं लागतं. त्याला विचारावं लागतं. दोनातिस्तांना कुणी विचारलं नाही, तुमच्या अंत्रुजाच्या लोकांना कुणी विचारलं नाही. ताई, तुमच्या मावशींनी तुम्हाला न विचारता सांगितलं, हे तुमचं भाग्य.

आणि हो, मावशींच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर पत्रातच आहे. हें कोणें बरयलां? रोम १६:२२ काढा. "हे पत्र लिहिणारा मी तर्तियस" असं एक माणूस मध्येच नमस्कार सांगतो. पौल सांगत होता, लिहीत होता तर्तियस. आणि १६:१ मध्ये फिबी नावाच्या बहिणीची शिफारस आहे, तिच्याच हाती पत्र रोमला गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या पत्राला आकडे नव्हते. नव्या करारात वचनांचे आजचे आकडे १५५१ साली पॅरिसच्या रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकानं घातले. त्याआधी '८:२८' असं काही सुटं काढून कुणाला पाठवताच येत नव्हतं. फिबीनं पत्र नेलं, ते माणसांनी भरलेल्या घरात अथपासून इतिपर्यंत वाचलं गेलं.

पुत्राचं म्हणाल तर पौलाला मूल असल्याचं कुठंच येत नाही. पण आकडे पुसून वाचा. आठवा अध्याय संपतो न संपतो तोच, ९:२ मध्ये, तो म्हणतो की मला मोठं दुःख आहे आणि माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे. स्वतःच्या माणसांसाठी. 'सर्व गोष्टी कल्याणकारक' असं लिहिणारा माणूस पान उलटायच्या आत हे लिहितो.

वसईची वाट

सध्या पणजीत नोकरीला आहे, वाचत होतो, राहवलं नाही. आमच्या गटात दर परीक्षेला, दर मुलाखतीला यिर्मया २९:११ फिरतं. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. चांगलंच वचन आहे. पण ते बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) पकडून नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि एकच वचन आधी लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचजण परत जाणारच नव्हते. त्यांना सांगितलंय, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नापास झालेल्या भाच्याला मी ही सत्तर वर्षांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याला जास्त धीर आला. चकचकीत चित्रानं तो आणखीच खचला होता. त्याला वाटत होतं, देवाचे संकल्प फक्त पास होणाऱ्यांसाठी असतात.

साखळीचा वाटसरू

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी पाच वर्षांपूर्वी विश्वासात आलो. दारू पीत होतो, घर मोडायला आलं होतं. एका माणसानं माझ्या तोंडावर वचन वाचून दाखवलं. मला लागलं, भयंकर लागलं, आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण आज मी जिवंत आहे. त्यानं माझ्या भावनेचा विचार करून गप्प राहायचं ठरवलं असतं तर?

तुम्ही सगळे 'लागू नये' म्हणताय. यहेज्केल ३३ मध्ये पहारेकऱ्याची गोष्ट आहे. तलवार येताना दिसूनही ज्यानं कर्णा वाजवला नाही, त्याच्या हातून मेलेल्याच्या रक्ताचा जाब घेतला जाईल असं लिहिलंय. इफिस ४:१५ म्हणतं, प्रीतीनं सत्य बोला. प्रीती तर हवीच, पण सत्य गाळून टाकलं तर मग राहतं काय? ऐकणाऱ्याला विचारा म्हणता. मला तेव्हा विचारलं असतं तर मी 'चालता हो' म्हटलं असतं.

आबोली

वाटसरूदादा, तुमचं घर वाचलं याचा मनापासून आनंद आहे. माझं सांगते.

माझा नवरा मारायचा. मी एका प्रार्थना गटात जात होते, तिथल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं. त्यांनी इफिस ५:२२ उघडून दिलं. स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. आणि प्रार्थना करून मला परत पाठवलं. तीनदा पाठवलं. ते दुष्ट नव्हते. डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करायचे. प्रीतीनं सत्य बोलतोय असंच त्यांना वाटत होतं.

पुढं एका सिस्टरनी (ननबाईंनी) मला तोच अध्याय परत दाखवला. मी म्हटलं, नको, हे पान नको. त्या म्हणाल्या, बरं, नको. दोन महिने त्यांनी नुसतं मला जेवायला घातलं आणि दवाखान्यात नेलं. मग एक दिवस मीच विचारलं, त्यात नक्की काय आहे? तेव्हा त्यांनी २१ वं वचन वाचलं: एकमेकांच्या अधीन असा. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत २२ व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१ मधून घ्यावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे 'एकमेकांच्या' हा शब्द सोडून माझ्यापुरतं वाक्य उभंच राहत नाही. आणि २५ मध्ये पतीला सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. २८ मध्ये, स्वतःच्या शरीरासारखी. हे मला तीन वर्षांत एकदाही कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मी आज वेगळी राहते, मिसाला जाते. पण तो अध्याय वाचला जातो तेव्हा अजूनही बाहेर येऊन उभी राहते. वचन बरोबर समजलं तरी ते ज्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं तो आवाज जात नाही. एवढंच सांगायचं होतं.

खाडीपल्याड

आबोलीताई, तुम्ही लिहिलंत, देव बरें करूं. त्यावर मी काही जोडत नाही.

वाटसरू, पहारेकऱ्याची गोष्ट मोलाची आहे, तुम्ही आणलीत ते बरं झालं. पण ती यहेज्केलमध्ये आधी एकदा येते, तिसऱ्या अध्यायात, तिथं बघा. संदेष्ट्याला देवाचं वचन मिळालंय, गुंडाळी खायला घातली आहे, मनात आवेश आहे. तो खबार नदीकाठी धरून आणलेल्या लोकांत जातो. आणि काय करतो? ३:१५ म्हणतं, ते बसले होते तिथं तो सात दिवस सुन्न होऊन त्यांच्यामध्ये बसून राहिला. पुढचं वाक्य: सात दिवसांनंतर देव त्याला म्हणाला, मी तुला पहारेकरी नेमलं आहे. नेमणूक बसल्यानंतर झाली.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ बसले, कुणी शब्द बोललं नाही. तोवर ते चांगले मित्र होते. मग बोलायला लागले आणि ३० पेक्षा जास्त अध्याय गेले. त्यांची वाक्यं सुटी काढून भिंतीवर लावली तर कुणालाही धार्मिकच वाटतील. पण शेवटी, ४२:७ मध्ये, देव त्यांना म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी भांडत होता!

तुम्हाला ज्यानं वाचून दाखवलं तो माणूस आधी तुमच्याकडं किती दिवस येत होता? मला खरंच जाणून घ्यायचंय.

साखळीचा वाटसरू

खरं सांगतो. तो माझ्याबरोबर गॅरेजमध्ये कामाला होता. दीड वर्ष मला रात्री गटारातून उचलून घरी सोडत होता. हे मी मूळ उत्तरात लिहिलं नाही, कारण मला ते कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आत्ता लिहिताना हात थांबला.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही, उलट आबोलीताईंचं वाचून जास्त घट्ट झाला. ताई, तुमच्या नवऱ्याला कुणी २५ वं वचन वाचून दाखवलं का? त्या वडीलधाऱ्यांतला एकजण तरी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला का? कर्णा तिथं वाजवायला हवा होता. दावीद राजानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा गेला तो राजाकडं गेला. उरियाच्या बायकोला उपदेश करायला गेला नाही. मत्तय २३ मध्ये येशूनं 'तुम्हाला हाय हाय' म्हटलंय ते इतरांच्या खांद्यावर जड ओझी ठेवणाऱ्या शास्त्र्यांना. कठोर वचन ज्याच्या हातात ताकद आहे त्याला सांगायला छाती लागते. पडलेल्याला कुणीही सांगतं. मीही सांगितलंय. आमच्या वस्तीतल्या एका अपंग मुलाच्या आईला मी म्हटलं होतं, घरात काही पाप असेल तर कबूल करा. योहान ९:३ मी नंतर वाचलं. ह्यानं पाप केलं नाही, ह्याच्या आईबापांनीही नाही. शिष्यांनी विचारलेला प्रश्न मी उत्तर म्हणून त्या माउलीला दिला होता. तिची माफी अजून मागितलेली नाही.

आबोली

नाही. त्याला कुणीच वाचून दाखवलं नाही. दादा, हा प्रश्न आजपर्यंत मला कुणी विचारला नव्हता.

त्या आईकडं जाऊन या.

निवृत्त मास्तर

मी इतिहासाचा प्रश्न विचारला तेव्हा मला वाटलं होतं, एकतर मला गप्प केलं जाईल किंवा भांडण होईल. खाडीपल्याडनी 'हे वचन वापरलं गेलं' असं सरळ मान्य केलं, त्यानं मन हलकं झालं. दरवर्षी ईस्टरनंतर मी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीला (मरियामातेला) तेल घेऊन जातो, माझी आई जायची म्हणून. आमच्याकडं तिला लईराई देवीची बहीण मानतात. रांगेत माझ्या पुढं-मागं दोन्ही धर्मांची माणसं असतात. इतक्या वर्षांत त्या रांगेत मला कुणी आत बोलावलं नाही आणि कुणी बाहेरही काढलं नाही. लूकमधली ती मेजवानी वाचून मला तीच रांग आठवली.

एक विचारायचं होतं. येशू स्वतः ग्रंथ कसा वाचायचा, याचं वर्णन कुठं आहे का? शिक्षक म्हणून उत्सुकता आहे.

वसईची वाट

मास्तर, आहे. लूक ४:१६ पासून. नासरेथच्या सभास्थानात त्याला यशयाचा ग्रंथ देतात. तो ६१ वा अध्याय काढतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. इथं तो ग्रंथ गुंडाळून सेवकाला परत देतो आणि खाली बसतो. यशयात तेच वाक्य पुढं चालू आहे: आणि आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस. त्या दिवशी, त्या माणसांपुढं, तो तिथं वाक्याच्या मध्येच थांबला.

उलट मत्तय ४ मध्ये सैतानही ९१ व्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो. दिलेला हवाला खरा आहे. फक्त समोरच्यानं मंदिराच्या शिखरावरून उडी मारावी म्हणून तो दिलाय.

झुवारीकाठ

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळं दोन-तीनदा वाचलं.

काल मावशींच्या मुलाचं महिन्याचं मीस (चर्चमधली प्रार्थना) होतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी थांबले. मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी मी चुकले. त्या म्हणाल्या, कधी? त्यांच्या ते लक्षातच नव्हतं, किंवा त्यांनी मला तसं दाखवलं. मग मी सांगितलं की तुम्ही विचारलं होतं ना कोणी लिहिलं. तर तर्तियस नावाच्या माणसानं लिहिलं, आणि फिबी नावाच्या बाईनं बोटीनं, रस्त्यानं रोमला नेलं. 'बोट' म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. ती एकटीच गेली का, पोचली का, वाटेत किती दिवस लागले, असं बरंच विचारत राहिल्या. काही सांगता आलं, बरंचसं नाही.

मग त्याच म्हणाल्या, ते पुस्तक तुझ्या पिशवीत असेलच, वाच. मराठी मला कळतं. मी विचारलं, काय वाचू? तू त्या दिवशी बोललीस तेच, पण तुझा तो आकडा सोडून, आधीपासून वाच.

मी १८ पासून सुरू केलं. सृष्टी कण्हते आहे इथं त्यांनी हात वर केला आणि सांगितलं, हे परत. परत वाचलं. पुढं सव्विसावं आलं, काय प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी पुन्हा हात वर केला. मग बराच वेळ दोघी तशाच बसलो. मेणबत्ती संपत आली होती, त्यांनी उठून दुसरी लावली. १९ दिवस आपल्या तोंडून एक 'नमान मोरिये' (मरियेची प्रार्थना) धड निघत नव्हतं, असं त्या सांगायला लागल्या. सगळ्यांबरोबर तेर्साला ओठ हलवायच्या, पण आवाज नसायचा. देव रागावला असेल असं वाटत होतं. तो मुलगा लहानपणी कसा होता, पहिल्या पगारातून त्यानं काय आणलं होतं, बोटीवरून फोन कधी करायचा, हे सगळं त्यानंतर निघालं. साडेनऊ वाजले.

अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत आम्ही पोचलो नाही. पुस्तक त्यांनी ठेवून घेतलंय, पानात फोटोपुढचं एक फूल घालून. सोमवारी परत ये म्हणाल्यात.